मुतखड्याचं सोंग

मुतखडा म्हटलं की खेड्यात प्रत्येक माणूस वैद्य होतो, हे इंदुताईंच्या ध्यानातच आलं नाही. चैत्रात त्यांच्या नवऱ्याला, सदाशिवरावांना, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. नागपुरात ऑपरेशन झालं, ग्रंथी सबंध काढली, बाकी अंग स्वच्छ निघालं. "जखम भरली की चाला, फिरा, शेती करा," डॉक्टर म्हणाले. "घरात बसू नका." पण घाटंजीजवळच्या त्या गावात कॅन्सर हा शब्द काढायचा कसा? लोक 'शेवटचं भेटून घेऊ' म्हणून येतात आणि धडधाकट माणसालाही बसल्या जागी मारून टाकतात. म्हणून इंदुताईंनी ठोकून दिलं, मुतखडा होता.

झालं! दुसऱ्या दिवसापासून काढे सुरू. कोणी कुळथाचं पाणी आणलं, कोणी पानफुटीचा पाला, तर पंक्चरवाल्या हबीबभाईंनी खास गोखरूचा काढा पाठवला. नाही म्हणावं तर माणसं रुसतात. इकडे ऑपरेशननंतर लघवीवर ताबा यायला काही महिने लागतात, साधी शिंक आली तरी थेंब गळतो. त्यात हे पेल्यावर पेले, म्हणजे आगीतून फुफाट्यात! सदाशिवराव धोतराखाली पॅड बांधून खाटेवर बसून राहू लागले. मरणाची भीती त्यांना उरली नव्हती. 'हा माणूस आता कामातून गेला' असं गावानं म्हणायची भीती होती.

आषाढात पावसानं उघडीप दिली आणि पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, तण माजलं. पोरगा रजत तण काढायला बैलांमागे डवरा धरायचा, पण तणासोबत पऱ्हाटीही उपटून काढायचा. एका सकाळी सदाशिवरावांना ते पाहवेना. त्यांनी बैल जुंपले.

"अवं, कुठी चालले? लोक काय म्हणतीन?" इंदुताई धावत आल्या.

"डॉक्टर म्हणे काम करा, अन तू म्हणतं बसून राहा. मी कोनाचं आयकू?"

पऱ्हाटीच्या पहिल्या ओळीला दम लागला. दुसरीला बैलांनी हाक ओळखली. मग डवऱ्यामागे माती भुसभुशीत होऊन पडू लागली आणि सदाशिवरावांना कित्येक महिन्यांनी कडकडून भूक लागली.

तेवढ्यात शेजारच्या वावरातले वामनराव, त्यांचे लहानपणापासूनचे सोबती, तांब्या घेऊन धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, हजर.

"कुळथाचं पानी हाय. एका दमात पी."

"नको."

"नको कसा? खडा काय असाच विरघळते?"

धोतर केव्हाचं ओलं झालं होतं. सदाशिवरावांचं डोकंच फिरलं.

"खडा नाही रे बावा! कॅन्सर होता. काढून टाकला. अन तुमच्या या काढ्यायनं मी दिवसभर मुतून राह्यलो!"

बोलून गेले आणि मनातून हादरले. आता वामनरावांचा चेहरा पडणार, आवाज हळू होणार, आजच्या आज गावभर होणार.

वामनरावांनी तांब्या धुऱ्यावर उलटा केला.

"मंग आता कसं हाय?"

"आता काई नाही. रक्ताची तपासनी साफ आली. हे गळनंही थांबन म्हणे."

"मंग आयक. उद्या मी माही जोडी आनतो, दोघं मिळून तुह्यं वावर संपवू. तू माह्यं सावडीनं फेड."

"औंदा नाही जमनार, वामन. दम पुरत नाही अजून."

"औंदा कोन म्हणते? पुढच्या साली फेड."

आज माझी जोडी तुझ्या वावरात, उद्या तुझी माझ्या, ही सावड. ती फेडावीच लागते, म्हणून मरायला टेकलेल्या माणसाशी कोणी सावड करत नाही. आणि वामनराव तर असे चिकट, की हक्काचा अर्धा दिवसही त्यांनी आजवर कोणाला सोडला नव्हता.

सदाशिवरावांचे डोळे भरून आले. छातीवरचा धोंडा कोणी उचलून नेल्यासारखं त्यांना हलकं वाटलं.

"फेडीन," ते म्हणाले. "पन भाकर तुह्या घरची राहीन, आताच सांगून ठेवतो."