डबीतले केस

या, असे जवळ सरकून बसा, एक गोष्ट सांगतो. गोष्टीतला माणूस घड्याळं दुरुस्त करणारा, नाकासमोर चालणारा. पण मायेनं पार वेडा झालेला.

तर त्यानं केसरोपणाच्या दवाखान्यात नर्ससमोर पत्र्याची डबी उघडली. आत कापसावर त्याचेच गळलेले केस होते. उशीवरून चिमट्यानं एकेक टिपलेले.

"एवढे परत बसवून द्या, ताई."

"अहो काका, हे काय स्क्रू आहेत होय?"

"निखळलेला भाग टाकायचा नाही, ही आमच्या धंद्याची रीत."

नर्सला हसू फुटलं. पण डोकं पाहताच ते मावळलं. केस टिकावेत म्हणून पठ्ठ्यानं आठ दिवस डोक्याला पाणी लावलं नव्हतं. खपल्या, लाली, वर दोन पुळ्या.

"रोज हलक्या हातानं धुवा, सांगितलं होतं ना? लावलेले केस तिसऱ्या आठवड्यात गळतातच. मुळं आत शाबूत असतात. तीन-चार महिन्यांनी उगवू लागतील, पुरते भरायला वर्ष."

"वर्ष?" त्यानं डबीचं झाकण लावलं. "तेवढं तिच्याकडे आहे का, देव जाणे."

बायकोची आठवण दिवसेंदिवस मागे सरकत चालली होती. नवरा म्हणजे तिच्या लेखी लग्नाच्या फोटोतला, दाट केसांचा. या टकल्याला ती सासरे समजायची. म्हणून साठीत हा खटाटोप. रोपणानंतर डोक्यावर खुंट दिसले, तेव्हा तिनं निरखून पाहिलं आणि चक्क "अहो" म्हणाली होती. एकदाच.

नर्सनं मलम लावलं, डॉक्टरांना बोलावलं.

तो घरी आला तशी बायको खुर्चीतून चटकन उठली.

"बसा, मामंजी. हे कुठं गेलेत हो? किती दिवस पत्ता नाही."

"निरोप आलाय त्याचा. तीन-चार महिन्यांत येतो म्हणालाय."

"अगंबाई, एवढे? जेवण वेळेवर घ्या म्हणावं. मी वाट बघतेय हे मात्र नका सांगू. उगाच धावत येतील."

"नाही सांगत."

ती उभीच. सासरे बसल्याशिवाय ती कशी बसणार? तिचे पाय दुखतील म्हणून तो त्या खुर्चीत बसला.

देवापुढे उभे राहाल तेव्हा, बाबांनो, त्या माऊलीची आठवण ठेवा.