पांढऱ्या चादरीवरचे डाग

आमची लाँड्री. बायको धुतलेल्या पांढऱ्या चादरी पुन्हा धुवायला काढायची. "अहो, एवढे डाग दिसत नाहीत? तुमचे डोळे फुटलेत का?"

डाग तिच्याच डोळ्यांत होते. डॉक्टरांनी डोळ्यांच्या आत सूज असल्याचं सांगितलं; औषधाच्या थेंबांनी ती उतरली, तसे आम्ही निर्धास्त झालो. पुढे डोळ्यातला द्रव तपासला तेव्हा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर निघाला. तोवर तो मेंदूतही पोचला होता.

डॉक्टर म्हणाले, "नजरेला इजा होऊ नये म्हणून शरीर रोगाशी लढणारे आपले पहारेकरी डोळ्यात फारसे सोडत नाही. तिथंच तो वाढला."

असल्या जपण्याची किळस आली मला.

ती गेल्यावर एकदा मेहुणी म्हणाली, "दाजी, चादर स्वच्छ आहे की! परत कशाला धुताय?"

मी चादर पाण्यात बुडवली. स्वच्छ कापड बघितलं की आता शिसारी येते. तिचे डोळेही बाहेरून असेच स्वच्छ दिसायचे.