दाराचा सराव

पूर्वी वस्तीत माणसांची वयं वादळावरून सांगत. हा मोठ्या वादळाच्या वर्षीचा, ती त्यानंतर दोन वर्षांनी झालेली. आता वर्षाला तीन-तीन वादळं येतात. त्यांना सरकार नंबर देतं, आणि निवाऱ्यात माणसांच्या जागाही नंबरानेच ठरलेल्या असतात. जाळी विणणाऱ्या म्हातारीची जागा पहिली, दाराशी.

निवारा उंच खांबांवर होता. जाड भिंती, खिडकी एकही नाही, बाहेरून जिना आणि एकच लोखंडी दार. पहिल्या भोंग्याला सामान बांधायचं, दुसऱ्याला वर यायचं, तिसऱ्याला म्हातारीने दाराचा अडसर पाडायचा. एकदा पडलेला अडसर वारा बसेपर्यंत उचलायचा नाही. मग बाहेर कोणीही असो.

हा नियम तिच्यामुळेच झाला होता. बारा वर्षांपूर्वी ती वाळत घातलेली जाळी गोळा करत बसली आणि तिसऱ्या भोंग्यानंतर दार वाजवायला लागली. आत नवरा होता. त्याने उघडलं. वाऱ्याने दार बिजागरीसकट उचकटलं, त्याला नेलं आणि आतल्या आणखी दहा जणांना नेलं. ती मात्र जिन्याच्या कठड्याला जाळ्याच्या दोरीने बांधून घेऊन वाचली. पुढे नवीन दार बसलं तेव्हा सभेत कोणीतरी म्हणालं, "हिलाच द्या दार सांभाळायला. ही नाही उघडायची." ती नाही म्हणाली नाही. इंजिनियर येऊन एकामागे एक अशा दोन दारांचा नकाशा काढून गेला. तो नकाशा भिंतीवर अजून आहे.

अडसर पाडणं सोपं. अवघड होतं ते ऐकून न उघडणं. म्हणून दर महिन्याला सराव व्हायचा. एकाने बाहेर उभं राहून विनवण्या करायच्या, आतल्यांनी गप्प बसायचं, आणि निवृत्त मास्तरांनी शिट्टी वाजवली की दार उघडायचं. या कामाला तिच्या सुनेइतकं चांगलं कोणीच नव्हतं. बर्फाच्या कारखान्यात यंत्रांच्या आवाजावर बोलून बोलून तिचा गळा तयार झालेला.

"आई, उघडा हो," ती बाहेरून सुरू करायची. "कालची भांडी मीच घासली. तुमच्या मुलाला चहासुद्धा येत नाही. उद्यापासून काय पिणार आहात?"

आत सगळे पोट धरून हसायचे. मुलगा ओरडायचा, "आई, उघडू नकोस. जरा शांतता मिळू दे." म्हातारी अडसराला टेकून तोंडाला पदर लावायची. घरी दोघींचं सकाळ-संध्याकाळ वाजायचं, पण सरावाच्या दिवशी सुनेवर तिचा जीव जडायचा.

त्या वर्षीचं दुसरं वादळ दुपारी आलं. दुसऱ्या भोंग्याला सगळे वर आले. मास्तरांनी हजेरी घेतली. मुलगा मागच्या कोपऱ्यात पाण्याची पिंपं रचत होता. म्हातारीने पिशवी उलटीपालटी केली. हृदयाच्या गोळ्यांची डबी नव्हती.

"दाराशी खुंटीला लाव म्हणून शंभरदा सांगितलं असेल," ती सुनेला म्हणाली. "माझ्या वेळी घरात हात घातला की हवी ती वस्तू हाताला लागायची."

"तुमच्या वेळी घरं तरी जागेवर राहायची. जाते मी, आणते. तेवढंच तुमचं तोंड बंद होईल."

"जा. आणि आरशासमोर थांबू नकोस."

सून हसत जिना उतरली. तिसरा भोंगा नेहमीपेक्षा फार लवकर झाला. वारा दिशा बदलून अंगावर आला होता.

"हजेरी पूर्ण आहे," मास्तर म्हणाले. "पाडा."

"एक मिनिट, मास्तर."

"भोंगा झाला. तुम्हाला मी काय शिकवायचं?"

जिना रिकामा होता. म्हातारीने अडसर पाडला.

थोड्या वेळाने दार वाजलं.

"आई, उघडा हो. आणली डबी."

दोघा-तिघांना सवयीने हसू फुटलं. मागून मुलगा ओरडला, "आई, उघडू नकोस. जरा शांतता—"

तिथेच तो थबकला. त्याने आजूबाजूला पाहिलं, बायकोच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि पिंपं पाडत धावत आला. चौघांनी त्याला खाली दाबून धरलं.

"आई, उघड. बाबांनी उघडलं होतं तुझ्यासाठी."

"म्हणून तर," म्हातारी म्हणाली. तिने पाठ दाराला लावली आणि अडसरावर बसली.

बाहेर सून आता चहाचं, भांड्यांचं काही बोलत नव्हती. नुसतं "आई, आई" म्हणत होती, आणि ते म्हातारीच्या पाठीला हाताच्या थापेसारखं लागत होतं. मग तेही थांबलं. आत सत्त्याऐंशी माणसं होती. सगळी वाचली.

संध्याकाळी वारा बसल्यावर दार उघडलं. जिन्याचा कठडा मुळापासून गेला होता. दाराच्या कडीला सुनेच्या ओढणीचा तुकडा होता, त्यात डबी गच्च बांधलेली. गाठ जाळ्याची होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी म्हातारीनेच तिला ती शिकवली होती, हातावर चापट्या मारत. सगळ्यांसमोर तिने ती सोडवली आणि एक गोळी गिळली. घ्यायलाच हवी होती.

मुलगा तिच्याशी एक शब्द बोलला नाही. पुढच्या महिन्यात मास्तरांनी सरावाला सगळ्यांना जमवलं आणि खाली बघत विचारलं, "बाहेर कोण राहील?"

"आई राहील," मुलगा म्हणाला. "दार मी बघतो."

कोणी नको म्हटलं नाही. म्हातारी बाहेर गेली. आत अडसर पडला. तिला विनवायचं होतं, पण काय म्हणायचं ते सुचेना. सुनेला कसं एकापाठोपाठ एक सुचत जायचं. शेवटी तिने दारावर थाप मारली.

"उघड रे."

आत कोणी हसलं नाही.

"तुला चहा येत नाही," ती म्हणाली.

आतून मास्तरांची शिट्टी झाली. थोड्या वेळाने पुन्हा झाली. मग मास्तरांचा दबलेला आवाज आला, "अरे, उघड आता. सराव संपला."

अडसर हलला नाही. म्हातारीनेही पुन्हा थाप मारली नाही. कठडा नसलेल्या जिन्याच्या वरच्या पायरीवर ती दाराला पाठ लावून बसली.