मला ऊन दाखवलं त्याची गोष्ट

मी एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो. तव्याएवढी, काळी कुळकुळीत. मला ताटली म्हणालात तर पुढचं एक अक्षर सांगणार नाही. माझ्या अंगावरच्या रेघा सुरकुत्या नव्हेत, गाणी आहेत. सातासमुद्रापलीकडची एक काळी बाई ती अशी गाते, की भिंतीनेही मान खाली घालावी.

भुसावळचा एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर देश सोडून निघाला, तेव्हा त्याने मला आपल्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या तरुण फायरमनला दिलं. तो फायरमन म्हणजे आमचे संघपाल आबा. जळगावच्या मेहरूण भागातल्या घरी दर रविवारी भरीत-भाकरी जेवून ते खाटेवर आडवे होत आणि मला लावत. इंग्रजी त्यांना ओ की ठो कळत नसे. तरी म्हणत, "ही रडत नाही, जाब विचारते." माणूस जाणता. पण दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लागायच्या आत घोरू लागायचा. माझं सगळ्यात चांगलं गाणं मी वर्षानुवर्षं घोरण्यापुढे गायले.

मग प्लेअर बिघडला. वीस वर्षं मी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत. कोणी विचारलं नाही.

यंदा मे महिन्यात नात साक्षी पुण्याहून नवा प्लेअर घेऊन आली. मला खाली काढलं, तर कुबट वास. आबांची बायको रुक्माबाई गच्चीवर वर्षाच्या गव्हाला ऊन दाखवत होती. तिने मलाही गोधडीशेजारी मांडलं. जळगावच्या उन्हात. मी काय हरभऱ्याची डाळ आहे? मला काय कीड लागते? तासाभरात माझी कड पुरणाच्या मांड्यासारखी लहरली.

"आजी, काय केलंस हे? आता ही भंगारात गेली," साक्षी म्हणाली.

"गहूले ऊन, गोधडीले ऊन, मंग हाई काय राणी शे?" रुक्माबाई फणकारली. पण पदराने मला पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

"लावून तर बघ," आबा खाटेवरून म्हणाले.

सुई कडेवर चढली, घसरली, उडाली. पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. शेवटी साक्षीने मला उलटून सुई पार आत, मधल्या कागदाजवळ ठेवली. तिथे मी कमी वाकले होते. शेवटचं गाणं लागलं. थोडं डुलत, पण लागलं.

आबा उठून बसले. "हे कोणतं? हे आपल्या तबकडीत नव्हतं."

"व्हतं ना," रुक्माबाई म्हणाली. "तुम्ही घोरत व्हतात. मी ऐकत व्हती, दर रविवारी, मोरीत भांडी घासता घासता."



मित्रांनो, तबकडी सावलीत ठेवा, उभी ठेवा. आणि जेवून कितीही सुस्ती आली तरी दुसरी बाजू संपेपर्यंत जागे राहा. रुक्माबाईला मी अजून माफ केलेलं नाही. पण ती भांडी घासायला बसली, की मी जरा मोठ्याने गाते.