वरच्या पानावरचं शून्य

अक्षर इत्सेलचं नव्हतं. मार्लिस ओल्टमन बाईंनी कागद खिडकीपाशी नेला, चष्मा वर केला, खाली केला, आणि त्यांची खात्रीच पटली.

नेब्रास्कातल्या त्या हायस्कुलात बाई एकवीस वर्षं स्पॅनिश शिकवत होत्या. परीक्षेत नापास झालेल्याने नियमित क्रियापदांचे भूतकाळाचे तक्ते घरून भरून आणायचे आणि निम्मे गुण परत मिळवायचे, ही त्यांची पद्धत. एका क्रियापदाला सहा चौकटी: मी बोललो, तू बोललास, असं करत शेवटपर्यंत. त्यातली पाचवी, 'तुम्ही सगळे'ची चौकट फुली मारून सोडायची, कारण तसं बोलणारी माणसं समुद्रापलीकडे, स्पेनमध्ये. इत्सेल बारागानच्या कागदावर अशी बारा क्रियापदं होती आणि फुल्यासुद्धा पट्टीने मारल्या होत्या. पण पोरीचं अक्षर तिरकं, घाईचं. हे मोठं, सरळ, आणि पेन्सिल इतकी दाबलेली की मागून बोट फिरवलं तरी लागावं.

बाईंना खरं तर महिनाभर संशय होताच. ही मुलगी घरी दिवसभर स्पॅनिशच बोलते, मग तक्त्यांच्या परीक्षेत शंभरात अठ्ठावन्न गुण कसे, पास व्हायला साठ लागत असताना? मुद्दाम करते. बाईंची जीभ वर्गात अडखळली की मागच्या बाकावर खसखस पिकायची, तिथेच ही बसायची. बाई स्पॅनिश शिकल्या त्या पुस्तकातून, आणि हे या मुलांना कळतं या विचाराने त्यांना रात्र रात्र डाचायचं. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, त्यातली गत.

त्यांनी लाल पेनाने वर भलंमोठं शून्य काढलं, खाली इंग्रजीत 'कॉपी' लिहिलं आणि मधल्या सुट्टीत मुलीला बोलावलं.

"हे अक्षर कुणाचं?"

इत्सेलने कागद पाहिला. शून्यही पाहिलं. "आईचं, मिस. पण ते..."

"म्हणजे कबूल आहे तर!"

"मिस, ऐकून तरी घ्या..."

"ऐकायला काय उरलंय? शुक्रवारी मुख्याध्यापकांकडे नोंद जाईल. त्याआधी तुझ्या आईला भेटायचंय मला."

नोंद गेली की नर्सिंगच्या शिष्यवृत्तीवर पाणी, हे दोघींनाही ठाऊक होतं. मुलीने ओठ मिटले ते मिटलेच. बाईंना त्यातही मुजोरीच दिसली.

गुरुवारी दुपारी दीड वाजता आई आली; इत्सेलही बरोबर होती. एउफेमिया बारागान, बुटकी, रुंद हातांची. तीनला तिची मांसाच्या कारखान्यातली पाळी सुरू व्हायची, म्हणून केसांची जाळी खिशातून डोकावत होती. तिने घरच्या तमालेंचा, मक्याच्या पानांत वाफवलेल्या उंड्यांचा, डबा टेबलावर ठेवला. बाईंनी तो हळूच बाजूला सारला. लाच म्हणतात ती हीच, असं त्यांच्या मनात आलंच.

"बसा," बाई स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, एकेक शब्द जपून टाकत. "हा कागद तुम्ही लिहिलात?"

आईची चर्या उजळली. "हो, मीच! आता मुलीने मदत केली, नाही म्हणत नाही. सकाळी ती लिहायची, समोर बसून मी लिहायची. आमच्या वाडीवर, रांचोवर, शाळा दुसरीपर्यंत, आणि मी तर दुसरीही नाही केली. बघता बघता म्हटलं, अगं, हे तर मी रोज बोलते तेच! ते असं डब्याडब्यांत बसवता येतं, हे कुणाला माहीत होतं?" ती पुढे वाकली. "सांगा ना बाई, किती चुकलं?"

बाई थेट मुद्द्यावर आल्या. "पण हा तुमच्या मुलीचा अभ्यास होता. तिने स्वतः करायचा."

"केलाय की तिनेही. खाली आहे."

बाईंनी कागद उचलला. कोपऱ्यात पिन होती. वरचं पान उलटलं तर खाली दुसरं पान, तिरक्या, घाईच्या अक्षरात, माथ्यावर इत्सेलचं नाव. बारा क्रियापदं, बहात्तर चौकटी. बाईंनी वरचं पान उलटूनच पाहिलं नव्हतं. कानशिलं तापली त्यांची.

"आईचं वर का लावलंस?" त्यांनी इत्सेलला विचारलं.

"आधी तपासलं जावं म्हणून. लाल पेनाने. तिला तेच हवं होतं." मुलगी खिडकीबाहेर बघत होती. "विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, हे शाळेच्या मुलांपुरतंच."

आईचं बोट एव्हाना शून्यावर टेकलं होतं. आकडे तिला येत होते. "सगळंच चुकलं होय?" ती हळू म्हणाली. "आणि हे खाली काय लिहिलंय?"

"चूक माझी झाली," बाई म्हणाल्या. शब्द जड गेले, पण निघाले. "तुमचं नाही चुकलं. मी वाचलंच नाही." त्यांनी शून्य खोडलं, 'कॉपी' खोडलं, खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या आणि एकेक चौकट मोठ्याने वाचत खुणा करू लागल्या. दोन चुका निघाल्या. "साठातले अठ्ठावन्न. फुल्या मोजत नाही मी."

"अठ्ठावन्न!" आई हसली. "पोरी, परीक्षेत तुला पडले तेवढेच की गं!" कागद तिने चार घड्या घालून जाळीशेजारी खिशात ठेवला, बाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि तमाले गरम असतानाच खा म्हणून बजावलं. तिच्या मनात काही राहिलेलं दिसत नव्हतं. बाईंना त्याचंच जास्त लागलं.

आई दाराबाहेर गेल्यावर इत्सेल उंबऱ्यात थांबली.

"नोंद नाही ना जाणार, मिस?"

"नाही. माफ कर मला."

"बरं." पण ती हलली नाही. "आपल्या वर्गातल्या केंडलचं अख्खं पोस्टर तिच्या बाबांनी काढलं होतं. ते दवाखान्यातले डॉक्टर. सगळ्या वर्गाला माहीत होतं, तुम्हालाही. तुम्ही हसलात आणि म्हणालात, बाबांना सांग, छान रंगवलंय." इंग्रजीत बोलत होती ती, सावकाश, बाईंना एकही शब्द निसटू नये अशी. "माझ्या आईचं अक्षर दिसलं तर लगेच कॉपी. मी केंडल असते तर पान उलटून पाहिलं असतंत ना?"

नाही म्हणायला जीभ तयार होती. बाईंनी ती आवरली.

"हो," त्या म्हणाल्या.

इत्सेलने मान हलवली आणि आईला गाठायला पळाली.