कोंडायची राहिलेली कोंबडी

नवसाबाई गेल्याचं सावळीरामला कळलं तेव्हा तो दारातल्या कडुनिंबाखाली तुराटी हातात घेऊन उभा होता. वर फांदीवर कोंबडी होती. बाकीच्या त्याने पळवून पळवून, डालग्याखाली दाबून, एकेक करून खुराड्यात ढकलल्या होत्या. त्यात त्याचा गुडघा फुटला होता आणि सदऱ्याला शेण लागलं होतं. खिशातला फोन वाजला.

"आण्णा," दवाखान्यातून त्याचा मुलगा ज्ञानेश म्हणाला.

"बोल."

"आई गेली, आण्णा."

सावळीराम वर बघत होता. म्हणाला, "थांब जरा. एक राहिलीय."

ज्ञानेशने पुढे ही गोष्ट नातेवाइकांना बरेच दिवस सांगितली, की धक्क्याने आण्णांचं डोकं फिरलं होतं. तसं काही नव्हतं. खरोखरच एक राहिली होती.

सावळीराम दवाखान्यात नव्हता तोही कोंबड्यांमुळेच. दुपारी नवसाबाई खाटेवर उठून बसली होती, पेज प्याली होती. डॉक्टर सोमवारी सोडतो म्हणाले होते. ऊन उतरायला लागलं तशी तिची चुळबुळ सुरू झाली. "अहो, घरी जा. कोंबड्या कोंडा. दिवेलागणीच्या आत कोंडा, मुंगूस फिरतंय. आन् सकाळी येताना माझा कंगवा आणा." सावळीराम शहर बस धरून मखमलाबादला उतरला आणि तिथून मळ्यात चालत आला. आल्या आल्या कंगवा तेवढा खिशात टाकला, म्हणजे सकाळी विसरायला नको.

कोंबड्या नवसाबाईच्या होत्या. घरात अर्धा एकर मेथी-कोथिंबीर, दोन गाया आणि त्या कोंबड्या. मेथी-कोथिंबीर दोघांची, गाया सावळीरामच्या. कोंबड्यांशी त्याचा संबंध फक्त पाहुणे आले की यायचा. कोंबड्या आत गेल्या की तो खुराड्याच्या बारक्या दारातून हात घालायचा आणि पायाला धरून एक ओढून काढायचा. त्या वेळी नवसाबाई हळद मागायला शेजारी भिमाबाईकडे जायची. घरात हळद भरपूर असायची. ती मागून परत येईपर्यंत पिसं पुरलेली असायची, मग ती मुकाट्याने मसाला वाटायला बसायची. असं तीस वर्षं चाललं होतं. खाऊ घालणारा हात आणि धरणारा हात वेगळा, ही वाटणी माणसांनी केली होती, पण कोंबड्यांनाही ती चांगली पाठ झाली होती.

दहावा पंचवटीत गंगेवर झाला. पिंड मांडले, सगळे मागे सरले, आणि कावळा काही शिवेना. कावळे होते. भिंतीवर ओळीने बसले होते आणि दुसऱ्यांच्या पिंडांवर उतरत होते. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"मनात काहीतरी राहिलं असणार," ते म्हणाले. "बोला कोणीतरी."

ज्ञानेश हात जोडून पुढे झाला. "आई, आण्णांना मी अंबडला माझ्याकडे घेऊन जाईन. एकटं ठेवणार नाही."

कावळ्याने मान फिरवली. ज्ञानेशला ते जरा लागलं.

नवसाबाईचा भाऊ जयराम पुढे झाला. "अक्का, सृष्टीच्या लग्नात माझ्याकडून काही कमी पडणार नाही." सृष्टी म्हणजे ज्ञानेशची मुलगी, ती अजून तिसरीत होती. कावळा तसाच बसला.

मग मागून भिमाबाई म्हणाली, "अहो सावळीरामदादा, तुम्ही बोला की. तिचा जीव कशात हाय ते काय गावाला माहीत नाय व्हय?"

सावळीराम पुढे गेला. काय बोलावं त्याला सुचेना. म्हणाला, "कोंबड्या सांभाळीन."

एक कावळा दोन पावलं पुढे सरकला आणि थांबला.

"कापणार नाय म्हणा," भिमाबाई म्हणाली.

"कापणार नाही. रोज कोंडीन."

कावळा उतरला, भाताला चोच मारली आणि उडाला. त्याला भूकही लागली असेल. सावळीरामने त्यात फार डोकं घातलं नाही. चारचौघांत, गंगेवर, शब्द गेला होता.

अडचण एवढीच, की कोंबड्यांना हा शब्द कोणी कळवला नव्हता.

सावळीराम दारात दिसला की त्या मेथीत घुसायच्या. त्याने बाजरी टाकली तर तो घरात जाईपर्यंत दाण्याला शिवायच्या नाहीत. दिवस मावळताना खुराड्यापाशी जमायच्या, इकडेतिकडे बघायच्या, आणि तो दाराजवळ दिसला की एकेक करून कडुनिंबावर चढायच्या. पहिल्या दिवसासारखं डालगं घेऊन पळणं त्याला रोज जमेना. आणि ज्या दिवशी जमलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या आणखी वरच्या फांदीवर बसल्या. मग एका सकाळी झाडाखाली काळ्या कोंबडीची पिसं पडलेली होती. मुंगसाने नेली की बोक्याने, ते कळलं नाही. सावळीरामने पिसं गोळा केली आणि पाहुण्यांच्या वेळी पुरायचा तिथेच पुरली. मग त्याला बरं वाटेना, म्हणून उकरून दुसरीकडे पुरली.

"तुमच्या हाकेनं कश्या येतील?" भिमाबाई कुंपणापलीकडून म्हणाली. "तुमी हाक मारता का दम देता?"

"तिच्यासारखीच मारतो. तिऽतिऽतिऽ."

"आन् बांगड्या? ती दाणे टाकायची तवा बांगड्या वाजायच्या. मला हितं घरात ऐकू यायच्या."

हे सावळीरामला पटलं. पण नवसाबाई सवाष्ण गेली होती. हिरव्या बांगड्या भरून, ओटी भरून तिला नेली होती. घरात एक बांगडी उरली नव्हती. म्हणून सावळीराम पंचवटीत कासाराकडे गेला.

"हिरव्या द्या डझनभर."

"माप काय?"

"मापाचं काही नाही. वाजल्या पाहिजेत."

कासाराने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. दहाव्याला भादरलेलं डोकं, खुंटं नुकती वर येत होती. "कोणासाठी घेताय, बाबा?"

सावळीरामला खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं सांगायला लाज वाटत होती. "घरच्यांसाठी," तो म्हणाला.

कासाराच्या शेजारी मखमलाबादची एक बाई बांगड्या भरायला बसली होती. सावळीराम मळ्यात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. दुसऱ्या दिवशी जयराम मोटारसायकल घेऊन नांदगावहून निघाला. एवढ्या लांबून, तेही कांद्याची गाडी भरायची सोडून. वाटेत काय बोलायचं ते त्याने जुळवून ठेवलं होतं. अक्काला जाऊन महिना नाही झाला, जगात काही लाज आहे की नाही, वगैरे.

तो आला तेव्हा सावळीराम अंगणात उभा होता. बांगड्या त्याच्या पंजातून वर जाईनात म्हणून त्याने त्या सुतळीत ओवून मनगटाला बांधल्या होत्या. दुसऱ्या हातात बाजरीचं ताट होतं.

जयराम गाडीवरून उतरला नाही. मनगटाकडे बघत राहिला.

"दाजी," तो शेवटी म्हणाला, "तुमी दुसरं लगीन केलं असतं तर बरं झालं असतं."

"का?"

"सांगायला सोपं गेलं असतं."

"गप राहा. हलू नको," सावळीराम म्हणाला आणि त्याने हात हलवला. बांगड्या वाजल्या. "तिऽतिऽतिऽ."

कोंबड्या आल्या. मेथीतून, गोठ्याच्या मागून, पंख पसरून, माना पुढे काढून धावत आल्या. नवसाबाई असताना यायच्या तशाच. तांबडी सगळ्यांत पुढे होती. आल्या आणि सावळीरामपासून थोड्या अंतरावर थबकल्या. त्याच्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मग माना वाकड्या करून त्याच्या मागे बघायला लागल्या, दाराकडे. कवडी, म्हणजे जिच्या अंगावर कवड्यांसारखे ठिपके होते ती, त्याला लांबून वळसा घालून उंबऱ्यापर्यंत गेली. आत डोकावली. पुन्हा बाहेर आली आणि सरळ झाडावर गेली, भर दुपारी.

बाकीच्या हळूहळू मेथीत गेल्या. दाणे तसेच राहिले.

जयराम गाडीवरून उतरला. त्याने मेव्हण्याच्या मनगटाची सुतळी सोडली. गाठ पक्की बसली होती, त्याला वेळ लागला.

"नका करू असं, दाजी," तो म्हणाला.

"नाही करत."

दोघांनी चहा घेतला. जयराम कांद्याच्या भावाबद्दल बोलला आणि दिवस मावळायच्या आत निघून गेला. बांगड्या सावळीरामने कंगव्याजवळ ठेवून दिल्या. नंतर त्याने कितीही ओळखीची हाक मारली तरी कोंबड्या आठवडाभर आल्या नाहीत. हाकेवरचाही त्यांचा विश्वास गेला होता. म्हणून त्याने हाक मारणंही सोडलं.

त्याने एकच केलं. दुपारी भाजीच्या जुड्या बांधायला तो पूर्वी ओट्यावर बसायचा, तो आता खुराड्यासमोर जमिनीवर बसायला लागला, खुराड्याकडे पाठ करून. शेजारी मूठभर बाजरी टाकायची आणि तिच्याकडे बघायचं नाही. कोंबडीकडे टक लावून बघणारा प्राणी तिला खाणाराच असतो, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, पण इतकी वर्षं तो त्यांच्याकडे तसाच बघत आला होता. जुड्या बांधायच्या, पाणी मारायचं, उठायचं. हात पुढे करायचा नाही.

पहिल्यांदा तांबडी आली. तिने त्याच्या पाठीमागचे दाणे टिपले. मग बाजूचे. मग एक दिवस मेथीचं पान समजून तिने त्याच्या अंगठ्याचं नख टोचलं. सावळीरामला कळ आली, पण तो हलला नाही. तांबडीने पुन्हा टोचून पाहिलं आणि अंगठा खाण्याजोगा नाही हे ठरवून टाकलं. त्या दिवसापासून बाकीच्याही यायला लागल्या.

खुराड्याचं दार मात्र त्या त्याला लावू देईनात. तो दाराशी आला, की आत गेलेल्याही बाहेर पडायच्या. त्या दारातून कोणता हात येतो हे त्या विसरल्या नव्हत्या. शेवटी सावळीरामने दाराला सुतळी बांधली, बांगड्यांचीच, ती आणखी जोडून लांब केली आणि ओट्यापर्यंत आणली. दिवेलागणीला तो ओट्यावर बसायचा. कोंबड्या एकमेकींना ढकलत आत जायच्या. तो सुतळी ओढायचा, दार पडायचं. हात आत घालायचा नाही म्हणून त्याने अंडी काढायला मागून एक फळी सोडवून घेतली.

आखाडात ज्ञानेश बायको-मुलीला घेऊन आला. तो आला की कोंबडी व्हायची. त्याची नजर खुराड्याकडे गेली, हे सावळीरामने पाहिलं.

"चौफुलीवर दुकान आहे," सावळीराम म्हणाला. "कापून, साफ करून आण. पिशवी मागच्या दाराने आण. इकडून नको."

"आण्णा, दारात गावरान कोंबड्या फिरताहेत आणि बॉयलर आणू?"

"मागच्या दाराने."

भिमाबाईला वास गेलाच. तिने कुंपणावरून विचारलं, "काय ओ दादा, कोंबड्या हायेत घरात आन् बॉयलर खाता?"

"चव बरी असते," सावळीराम म्हणाला. त्याने आयुष्यात मारलेली बहुधा ही पहिली थाप. ती कोणालाही पटली नाही. हळद संपली होती, ती मात्र खरोखरच भिमाबाईकडून आणावी लागली.

जेवणं झाल्यावर ज्ञानेश मुद्द्यावर आला. "आण्णा, चला आता अंबडला. मीही आईला शब्द दिलाय गंगेवर. कोंबड्या भिमाकाकू बघतील."

"तुझ्या शब्दावर कावळा उतरला नव्हता."

"म्हणून माझा शब्द खोटा का?"

सावळीरामने विचार केला. पोरगा चुकीचं बोलत नव्हता. "रोज कोंडीन म्हणालो होतो," तो म्हणाला. "सगळ्या एकदा माझ्या देखत आत जाऊ दे. मग भिमाबाईला शिकवतो सुतळी ओढायला. मग येतो."

"नक्की?"

"नक्की."

दिवेलागण झाली. बापलेक ओट्यावर बसले. तांबडी आत गेली. बोडक्या मानेची गेली, तिच्यामागून दोघी पांढऱ्या गेल्या. कवडी खुराड्यापर्यंत आली. तिने आत पाहिलं. मग नेहमीसारखी ती घराच्या उंबऱ्याशी गेली, आत डोकावली, सृष्टीने तिला "हड" केलं तरी जरा थांबली, आणि परत फिरली. सावळीरामच्या पायावरून गेली. घाबरली नव्हती. झाडापाशी जाऊन तिने पंख मारले आणि फांदीवर जाऊन बसली.

"ही रोज असं करते?" ज्ञानेशने विचारलं.

"रोज."

"कोणाला बघते?"

सावळीरामने सुतळी ओढली. दार पडलं. त्याने उशाखालची गोधडी आणून ओट्यावर अंथरली. मुंगसावर लक्ष ठेवायला तो हल्ली बाहेरच झोपत होता.

ज्ञानेश दर रविवारी फोन करतो. आण्णा, कधी येताय, म्हणतो. सावळीराम वर फांदीकडे बघून सांगतो, एक राहिलीय.

कवडी अजून आत आलेली नाही.