चूक सांगणारा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. पितळी तोंड आणि मागं काळा रबरी फुगा. गयासभाईंच्या रिक्षावर बसून मी शहागंजच्या गर्दीत भल्याभल्यांना बाजूला केलंय. आवाज माझा पहिल्यापासून बेसूर, पण त्याची मला कधी लाज वाटली नाही.

रिक्षा भंगारात गेली तेव्हा गयासभाईंच्या लेकीनं, आमरीननं, मला तिच्या कामाच्या जागी आणलं. करमाडजवळ पत्र्याचं शेड, त्यात मोजकीच पोरंपोरी, नवी कोरी कंपनी. मालक इंद्रजीत, पिशोरचा. त्याला सगळे दादाच म्हणायचे. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर बसवायचा एक 'डोळा' ही मंडळी बनवत. कामगाराचा हात आत दिसला की डोळ्यानं मशीन जागच्या जागी थांबवायचं.

इंद्रजीतनं मला दाराशी ठोकलं आणि नियम केला. ज्याला स्वतःची चूक सापडेल त्यानं भोंगा वाजवायचा, चूक सांगायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि मग सगळ्यांनी मिळून ती निस्तरायची. पहिला भोंगा त्यानंच वाजवला. "उलटी वायर जोडली राव मी!" काय हशा पिकला! रस्त्यावर मला नुसत्या शिव्या मिळायच्या, इथं टाळ्या. मी जाम खूश होतो.

मग माल खपू लागला. एकदा मोठे साहेब लोक शेड बघायला आले. ते चहा पीत असतानाच आमरीननं मला पोंऽऽ करून दाबलं. "दादा, माझ्याकडून खोक्यांवर चुकीची लेबलं लागली!" एवढंच. साहेब हसले. इंद्रजीतचा चेहरा मात्र उतरला. पाहुणे गेल्यावर तो सगळ्यांसमोर तिच्यावर कडाडला, "पार इज्जत घालवलीस माझी! जरा तरी अक्कल हाय का नाय?"

अरे बाबा, नियम तुझाच ना! मला बोलता आलं असतं तर तिथंच सुनावलं असतं.

त्यानंतर मी त्याच्या केबिनमध्ये फळीवर शोभेला जाऊन बसलो. भिंतीवर रंगीत अक्षरांत 'मोकळेपणानं बोला' असं लिहून घेतलं गेलं. कोणी बोलेना. दादाचा हळूहळू 'सर' झाला.

एके दिवशी आमरीन केबिनच्या दाराशी घुटमळत होती. "काचेवर तेल बसलं की आपल्या डोळ्याला हात उशिरा दिसतो," ती शेजारच्या आकाशला सांगत होती. आकाश तिच्याबरोबरच काम करायचा. "गप बस गं," तो म्हणाला. "माल वाळूजला गेलाय. परत तुलाच बोलणी बसतील." तरी तिनं दार उघडलं. इंद्रजीत फोनवर होता. त्यानं हातानंच 'नंतर' अशी खूण केली आणि ती मागं फिरली. माझा जीव नुसता कासावीस झाला. दाबा की मला कोणीतरी!

पुढच्याच आठवड्यात वाळूजच्या एका कारखान्यात आमचाच डोळा बसवलेल्या प्रेसमध्ये बद्रीनाथ नावाच्या कामगाराची दोन बोटं गेली. दवाखान्यात त्याला भेटून आल्यावर इंद्रजीतनं सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. "डोळा उशिरा बघतो, हे कोणाला माहीत होतं?"

"मला, सर," आमरीन रडत म्हणाली. आकाशनंही हात वर केला.

आता हा पुन्हा ओरडणार, असं मला वाटलं. पण तो खुर्चीत बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "बद्रीनाथकाका काय म्हणले माहितीये? म्हणले, आधी मी लई भिऊन भिऊन हात घालायचो. तुमचा डोळा बसवला अन् भ्यायचं सोडून दिलं."

मित्रांनो, काल इंद्रजीतनं सगळा माल परत मागवला आणि मला पुन्हा दाराशी ठोकलं. येता-जाता सगळे माझ्याकडं बघतात, पण अजून कोणी दाबलेलं नाही. फुगा माझा शाबूत आहे, भीती त्यांच्या हातात बसलीये. तुम्हीही उद्या कुठं ना कुठं मोठे व्हाल. कोणी येऊन "माझं चुकलं" म्हणालं, तर आधी त्याचं ऐकून घ्या, मग पाहुण्यांसमोर इज्जत जाईना का! त्याला तुम्ही गप्प केलंत, तर बोटं तिसऱ्याच माणसाची जातात.